पूर्णेच्या पाण्याकाठी : सिद्धेश्वर

मराठवाड्यातील वर्तमानपत्रांच्या वाचकाला सिद्धेश्वर हे नाव श्रावण-भाद्रपदात हमखास भेटते. पाणलोट क्षेत्रात पाऊस किती झाला, जलाशय किती टक्के भरला, पात्रात विसर्ग किती क्युसेकने चालू आहे आणि नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा केव्हा देण्यात आला, एवढ्या चार ओळींत त्या नावाचा परिचय संपतो. आणि पावसाळा ओसरला म्हणजे ते नावही पुढील वर्षापर्यंत छापील कागदावरून ओसरते. वस्तुतः सिद्धेश्वर हे जसे धरणाचे नाव आहे तसेच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात नांदत असलेल्या एका गावाचेही आहे, आणि ज्या पाण्यावर तीन जिल्ह्यांची शेती आणि कित्येक गावांची तहान अवलंबून आहे, त्या पाण्याच्या उशाशी असलेल्या माणसांचे जीवन कसे चालते हे पाहण्याची इच्छा माझ्या मनात बरीच वर्षे होती. ती इच्छा माघ महिन्याच्या अखेरीस, महाशिवरात्रीच्या पर्वणीवर, पूर्ण झाली.

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वसमत मागे टाकले म्हणजे सपाटीचा काळाभोर प्रदेश हळूहळू उंचसखल होऊ लागतो आणि हिंगोलीच्या स्थानकावर, ज्याच्या फलकावर ‘हिंगोली डेक्कन’ असे जुन्या काळाची आठवण राखणारे नाव आजही रंगविलेले आहे, उतरेपर्यंत आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील फाट्यांत शिरलो आहोत हे ध्यानात येते. हे शहर निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. 1903 साली ती फौज हिंदुस्थान सरकारच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली, परंतु पलटण, रिसाला, तोपखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे मात्र शंभरावर वर्षे लोटली तरी जागची हललेली नाहीत. जिल्हा म्हणून हिंगोलीचे वय अद्याप लहान आहे. 1 मे 1999 रोजी परभणीपासून तो वेगळा झाला. त्याआधी या साऱ्या मुलखाचे दप्तर परभणीस असे, आणि जमिनीच्या किंवा मोबदल्याच्या जुन्या प्रकरणाची चौकशी करणारा वृद्ध शेतकरी अजूनही सहजपणे “परभणीला जावं लागतं” असे बोलून जातो.

हिंगोलीहून एस.टी.ने दक्षिणेकडे औंढ्याला आणि तेथून वायव्येस वळून सिद्धेश्वरला जावे, हा मार्ग मी मुद्दाम निवडला. कारण औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन न घेता त्याच्या पंचक्रोशीत फिरणे मला अपुरे वाटते. द्वादश ज्योतिर्लिंगांत या स्थानाची गणना करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. द्वारकेजवळचे आणि अल्मोड्याकडील जागेश्वर येथील स्थानही त्याच मानाचा दावा सांगते, हे खरे. परंतु मराठी माणसाच्या मनात हा वाद कधी फारसा उद्भवला नाही. यादवकालीन मानल्या जाणाऱ्या या देवालयाच्या अधिष्ठानापासून भिंतींच्या वरच्या पट्ट्यांपर्यंत दगडात कोरलेली देवता, सुरसुंदरी, गज आणि व्याल यांची दाटी एवढी आहे की प्रदक्षिणेच्या एका फेरीत ती पाहून होत नाही. आणि वर मान करताच तो कोरीव पाषाण एकाएकी संपून विटाचुन्याचे नंतरच्या काळातील शिखर सुरू होते. कोणे एके काळी झालेला विध्वंस आणि पुढे झालेला जीर्णोद्धार यांची सीमारेषा इतक्या स्पष्टपणे दाखविणारी वास्तू मी दुसरी फारशी पाहिलेली नाही. मूळ लिंग सभामंडपाच्या पातळीखाली तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी, जवळजवळ बसत-बसत, खाली उतरावे लागते.

याच औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडले अशी कथा आहे. गोरोबाकाकांनी मडके कच्चे ठरविल्यावर गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना, शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला एक वृद्ध दिसला, आणि त्याचे पाय ते जेथे-जेथे नेऊन ठेवीत तेथे-तेथे लिंग प्रकट होऊ लागले. कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा नामदेव देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरले, ही दुसरी कथा तर येथील लहान मुलेही बोट दाखवून सांगतात. परंपरा ज्यांचा जन्म 1270 साली झाला असे मानते त्या नामदेवांचे नरसी हे गाव याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. आषाढी वारीहून परतणारा वारकरी परतवारीच्या एकादशीस तेथे माथा टेकल्याविना घरी जात नाही. ज्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात विराजमान आहेत तो पुरुष या आडवळणाच्या मातीतून उठून थेट पंजाबापर्यंत गेला, हा विचार मनात घोळत असतानाच माझी जीप सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुलला होता. पाने झडून गेलेल्या, काळपट, वाकड्यातिकड्या फांद्यांवर तो केशरी बहर इतका गच्च होता की डोंगराच्या उतारावरील प्रत्येक ओघळ दुरूनही ओळखता यावा. मधून-मधून साग, टेंभुर्णी, बेल, सीताफळीची झुडुपे आणि बांधाबांधांवर हिवर व बाभूळ. काढणी झालेल्या तुरीच्या शेतात उभे असलेले रोह्यांचे एक खिल्लार जीपच्या आवाजाने कान टवकारून क्षणभर पाहत राहिले आणि मग ओढ्यापलीकडे निघून गेले. प्रवाशाला मोह पाडणारा हा प्राणी येथील कुणब्याच्या झोपेचा वैरी आहे, कारण हरभऱ्याचे उभे पीक एका रात्रीत भुईसपाट करण्याची त्याची शक्ती असते; शेतोशेती दिसणारे माचे आणि जुन्या लुगड्यांची कुंपणे त्याचीच साक्ष देत होती.

एका चढावर रस्ता वळला आणि समोर पाणी दिसले. गोदावरीची ही पूर्णा (विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा निराळी) अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून बुलढाणा व जालना जिल्ह्यांतून वाहत येते, जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणात अडते, तेथून सुटून सिद्धेश्वरला पुन्हा अडते, आणि मग दुधनेला पोटात घेऊन पूर्णा गावाच्या खाली गोदावरीत विलीन होते. ही दोन्ही धरणे एकाच पूर्णा प्रकल्पाची अंगे असून त्यांची उभारणी 1958 ते 1968 या दशकात झाली. मराठवाडा नुकताच निजामी अंमलातून सुटलेला. भाषावार पुनर्रचनेत आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि मग 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आलेला. रस्ते, शाळा, वीज, पाणी या सर्व बाबतींत उपेक्षित राहिलेला. अशा प्रदेशात हे काम उभे राहिले हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल केवळ घनमीटरांत मोजता येत नाही. या मुलखात पाणी फिरले पाहिजे हा ध्यास घेतलेल्या नेत्यांत नांदेडचे शंकरराव चव्हाण अग्रगण्य होते; नव्या महाराष्ट्र राज्याच्या पाटबंधारे खात्याची धुरा त्यांनी याच दशकात वाहिली.

दोन धरणांचे परस्परांशी असलेले नाते मला तेथील एका निवृत्त पाटकऱ्याने भिंतीवरून चालता-चालता समजावून सांगितले, आणि ते इतके साधे व सुंदर आहे की वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. येलदरी हे साठवणुकीचे धरण. त्याची एकूण धारणशक्ती सुमारे 934 दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले, म्हणजे एकूण 22.5 मेगावॅटचे, वीजगृह आहे. तेथे चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी नदीच्या पात्रातूनच सिद्धेश्वरला येते. आणि सिद्धेश्वर ते पाणी उंचीवर तोलून धरून कालव्याच्या मुखी लावते. सिद्धेश्वरची एकूण धारणशक्ती सुमारे 250 दशलक्ष घनमीटर. परंतु त्यातील जिवंत साठा जेमतेम 81, बाकीचे सारे पाणी कालव्याच्या तोंडाखालचे, दप्तराच्या भाषेत मृत. एक साठवितो आणि दुसरा वाटतो, असे हे दोघा भावांचे एकत्र कुटुंब आहे. सिद्धेश्वरची मातीची भिंत नदीच्या तळापासून सुमारे 38 मीटर उंच आणि सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. एका टोकाकडून पाहावे तर दुसरे टोक दुपारच्या उन्हातील झळांत विरून जाते.

भिंतीच्या वरच्या बाजूला, उथळ पाण्याच्या काठाने, पक्ष्यांचा मोठा मेळा भरला होता. पाण्याच्या मध्यावर वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, त्यांच्या पलीकडे तांबूस-सोनेरी चक्रवाकांच्या जोड्या. चिखलात लांब गुलाबी पायांवर तोल सावरणारे शेकाटे, वाळलेल्या बाभळीच्या खोडावर पंख पसरून उन्हाला बसलेले पाणकावळे, आणि ध्यानस्थ उभा असलेला एकाकी राखी बगळा. जलाशयाचे पाणी माघ-फाल्गुनात उतरू लागले म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात खाद्य मुबलक मिळते, आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे परतीच्या उड्डाणापूर्वी तेथे पुष्ट होतात. संस्कृत काव्याने ज्या चक्रवाकाला विरहाचे प्रतीक केले त्याचा कर्कश, भोंग्यासारखा आवाज प्रत्यक्ष ऐकावा तो अशा ठिकाणी. मासेमारी करणाऱ्यांचे तराफे संथपणे जाळी ओढीत त्यांच्या मधून जात होते आणि पक्षी त्यांना मुळीच बुजत नव्हते. मनुष्याच्या हातांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडविलेले हे पाणी आता निसर्गाने आपलेसे केले आहे.

गावात त्या आठवड्यात अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. शिवाच्या गावी शिवरात्रीला सप्ताह आणि त्यात विठ्ठलाचा गजर, याचे येथे कोणालाच नवल नाही. विसोबांच्या पंचक्रोशीत हरिहरांचा भेद कोण मानणार? पहाटे काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि त्यानंतर उजाडेपर्यंत जागर, असा क्रम. विणा मात्र अहोरात्र खाली ठेवायचा नाही, म्हणून पहारेकऱ्यांच्या पाळ्या लावलेल्या. कोणी कोणत्या दिवसाची पंगत द्यायची, आचाऱ्याला लाकूडफाटा कोणी पुरवायचा, पाण्याचा टँकर कोणाचा, मंडपाचे भाडे कोणाच्या शिरावर, हे सारे पारावर बसून ठरते आणि एका चोपडीत लिहिले जाते. ती चोपडी मी पाहिली. अक्षर एका हाताचे नव्हते. आधीच्या पिढीतील मोडी वळणाची सही आणि नातवाची बॉलपेनची सही एकाच बाडात होती. सरकारी दप्तरांपेक्षाही या चोपडीत गावाचा खरा इतिहास अधिक उतरला आहे असे माझे प्रांजळ मत आहे, कारण कोणत्या साली दुष्काळ पडून पंगती घटल्या आणि कोणत्या साली पाणी आले म्हणून भंडारा दुप्पट झाला हे तिच्यातून वाचता येते.

शिवरात्रीच्या दिवशी गाव उपवासाचे. भगर, रताळी, शेंगदाण्याची आमटी घरोघरी. दूरच्या तांड्यांवरून बंजारा स्त्रिया डोक्यावर बेलाची पाटी घेऊन आल्या होत्या. त्यांचाही समाज येथील डोंगरांत पूर्वापार आहे. श्रावणात त्यांच्या कुमारिका टोपल्यांत गहू उगवून तीज साजरी करतात तेव्हा तांड्यांचे माळ गाण्यांनी भरून जातात असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, दहीहंडी फुटली आणि साऱ्या शिवाराची पंगत एका वेळी बसली. पत्रावळीवर वरणभात, वांग्याची भाजी आणि बुंदी. माझ्या शेजारी बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांना सगळे गाव ‘आबा’ म्हणे. जेवणानंतर त्यांनी मला पाण्याच्या काठाशी नेले आणि काठीने समोरच्या निळ्या विस्ताराकडे निर्देश करून म्हणाले, “मालक, ते बगळे बसलेत ना, त्याच्या मोहरं आमची मळई व्हती. उन्हाळ्यात वाळूत टरबुजं लावायचो आम्ही.”

धरण होण्यापूर्वीची पूर्णा त्यांनी डोळ्यांपुढे उभी केली. डोह कोणते, पायउतार कोठे, बैलगाड्या कोठून पार होत, पोळ्याला बैल धुवायचे घाट कोणाचे, पुराच्या पाण्यात सांगडीवरून टपाल कसे येई, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. काठावरच्या गावांतील जमिनी संपादित झाल्या, मोजणीदार साखळ्या घेऊन आले, मावेजा मिळाला, तो कोणाला लाभला आणि कोणाच्या हातून वर्षभरात निसटला, कुटुंबे उचलून वरच्या माळावर आली, आणि ज्या काळ्या मळईत त्यांच्या पूर्वजांनी खताची गाडी न टाकता पिके घेतली होती तिच्या बदल्यात मुरमाड जमिनीवर संसार मांडावा लागला. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पाणी खाली वसमतला गेले, तेथे लोक सुखी झाले, हे त्यांनी स्वतःहून सांगितले.

ते खरेच आहे, आणि परतीच्या वाटेवर मी ते मुद्दाम पाहिले. कालव्याच्या लाभक्षेत्रात शिरताच भूमीचा रंगच पालटतो. वसमतच्या अंगाला ऊस, केळी आणि हळद. पाला कापून उकरलेल्या हळदीचे ढीग वावरावावरांत पडले होते. स्त्रियांचे घोळके गड्डे आणि हळकुंडे वेगळी करीत होते. वाफेच्या कुकरांतून शिजून निघालेली हळद उन्हात पसरलेली, आणि तिला झळाळी देणारे लोखंडी ढोल घरघरत होते. त्या पिवळ्या धुरळ्याचा उग्र, मातकट सुवास कोसभर अंतरावरून येतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले, तिच्या संशोधनाचे केंद्र वसमतेत उभे राहिले, बाजारपेठ देशभर नावाजली. आणि या समृद्धीचे एक मूळ सिद्धेश्वरच्या कालव्यात आहे, ही गोष्ट व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे. मात्र पाणी उताराने जाते. जलाशयाच्या काठावरील उंच माळाला कालव्याचे थेंबही पोहोचत नाहीत. तेथे उपसा करण्याची ज्याची ऐपत तोच बागाईतदार, बाकीच्यांचे सोयाबीन, कापूस आणि तूर आकाशाकडे डोळे लावून. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला कोरडवाहूच राहावी, हा न्याय मला मान्य नाही. उपसा योजनांत विस्थापितांच्या गावांना पहिला मान मिळाला पाहिजे असे मला स्पष्टपणे वाटते.

सिद्धेश्वरच्या या तालुक्याकडे आता जगातील शास्त्रज्ञांचेही लक्ष लागले आहे. औंढ्याजवळच्या माळरानावर लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार असून केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचे किरण धावतील आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर झालेल्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठलेला तरंग, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा, त्या किरणांच्या मिलाफात उमटेल. अशा उपकरणाला शांत भूमी हवी, रेल्वे-कारखान्यांचा गोंगाट नको, म्हणून हा निवांत मुलूख निवडला गेला. याच जिल्ह्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत मात्र भूमीच्या पोटातून गडगडाटाचे आवाज येतात. 21 मार्च 2024 रोजी पहाटे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा लोक लेकराबाळांसह घराबाहेर धावले होते. आबांना मी वेधशाळेविषयी विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, गावातल्या पोरांना तिथे काम मिळेल ना? हा प्रश्न कोणत्याही शास्त्रज्ञाने हसण्यावारी नेऊ नये.

निघण्यापूर्वी गावातील शाळेत गेलो. मुलांना 17 सप्टेंबर 1948 ही तारीख पाठ होती. त्या दिवशी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला आपण झेंडा लावतो हे त्यांनी एका सुरात सांगितले. वसमत तालुक्यातील वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचेही नाव एका मुलीने घेतले. परंतु समोरच्या पाण्याखाली कोणाची गावे आहेत, असे विचारताच वर्ग गप्प झाला. चूक मुलांची नव्हे. मुक्तिसंग्रामाचा इतिहास थोडाबहुत तरी लिहिला गेला. धरणाचा इतिहास अभियंत्यांच्या अहवालांत लिहिला गेला. पण पूर्णेच्या बुडालेल्या काठाचा इतिहास, तेथील डोह, घाट, देवळे, शेतांची नावे, उठून गेलेली घराणी, यांची नोंद कोणी केलेली मला आढळली नाही.

1968 साली धरण पुरे झाले तेव्हा जे वीस वर्षांचे होते त्यांची वये आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हिंगोली आणि परभणी जिल्ह्यांतील शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांतील इतिहासाच्या अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे : येत्या उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांना एक वही आणि एक फोन देऊन सिद्धेश्वर आणि येलदरीच्या काठावरील वृद्धांकडे पाठवावे, त्यांच्या तोंडून जुन्या नदीचा नकाशा काढून घ्यावा, सप्ताहाच्या चोपड्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. या कामाला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. ते या दोन-तीन वर्षांतच व्हायला हवे.